किमान वेतनावरून आज झालेला वाद

आज ऑफिसमध्ये किमान वेतनावरून चांगलीच जुंपली. एक सहकारी ठामपणे म्हणाला, "मजुरी वाढवली की नोकऱ्या जाणारच, साधं गणित आहे." मी वेतनवाढीच्या बाजूची, आणि तसं स्पष्ट बोललेही.

गणित साधं असतं तर अर्थतज्ज्ञ इतकी वर्षं भांडत बसले नसते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट्स पाहिली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. पुढे न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकं तपासून उलट निष्कर्ष काढला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, तरी वाद मिटलेला नाही.

चर्चेत मध्येच कुणीतरी त्या सहकाऱ्याला म्हणालं, "तुला गरिबांची काही पडलेलीच नाही." मला अशा वाक्यांचा मनापासून राग येतो. तो गप्प झाला, पण त्याला पटलं काहीच नव्हतं. मी विषय परत आकड्यांवर आणला, तेव्हा तोच म्हणाला, "बरं, मग वाढ किती, यावर बोलू." तिथून खरी चर्चा सुरू झाली.

एकमत झालं नाही. जिथे मजुराला दुसरा मालकच नाही, तिथे कायद्याने वेतन वाढवायलाच हवं, यावर मी ठाम आहे. तुटपुंज्या नफ्यावर चालणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचं काय, हा त्याचा प्रश्नही रास्तच आहे. त्यावर उद्या बोलणार आहोत.