कुंभलगडचा तट: कुठवर चालावं, कुठून परत फिरावं

"तीन-चार घंटे में पूरा राउंड हो जाएगा," असं आम्हाला गडाजवळच्या केलवाडा गावात ज्यानं सांगितलं, तो स्वतः तटावर कधी चढला असेल असं आता वाटत नाही. राजस्थानातल्या कुंभलगडची तटबंदी ३६ किलोमीटरची. चार तासांत संपवायची म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. हे गणित सकाळी चहा पितानाच सुचायला हवं होतं. ते सुचलं दुपारी दीड वाजता, बुरजाच्या सावलीत बसून बाटलीतलं उरलेलं पाणी घोट-घोट वाटून घेताना.

मी आणि मेव्हणा, दोघंही सह्याद्रीत हिंडणारे. राजगडाची संजीवनी माची टोकापर्यंत कैक वेळा केलेली. त्यामुळे "भिंतच तर आहे" हा माज होता. त्यात गड चढायचा प्रश्नच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर वर असला तरी गाडी थेट रामपोल या दरवाजाच्या अलीकडे नेऊन सोडते. तिकीट काढलं, गडाच्या माथ्यावरचा बादल महाल संध्याकाळी बघू म्हटलं आणि सरळ तटावर चढलो. इथेच चुकलं.

सुरुवातीचा भाग मात्र झकास. डागडुजी केलेला, फांजी (तटावरची चालायची वाट) रुंद. आठ घोडे शेजारी-शेजारी धावत, असं गाईड सांगतात आणि या टप्प्यापुरतं ते खरं वाटतं. पोट सुटल्यासारखे गोल बुरूज, चर्यांमधून दिसणारं जंगल, फोटोला गर्दी. मग वेदी मंदिर आणि नीलकंठ ही देवळं मागे पडतात, माणसं तुटतात आणि तट डोंगराची धार धरून वर-खाली करायला लागतो. पायऱ्या गुडघाभर उंचीच्या, काही निखळलेल्या. बाहेरच्या अंगाला छातीइतका कठडा आहे, आतल्या अंगाला काहीच नाही. उतरताना डावा-उजवा पाय बघून टाकावा लागतो.

आणि मग घाणेरी. तिच्यात मिसळलेली वेडी बाभूळ. फांजीच्या फटींतून उगवून तिनं वाट पार गिळलीय. आम्ही काठीनं फांद्या दाबत, अंग चोरत शंभर-दीडशे पावलं गेलो असू, त्याला पाऊण तास लागला. पुढे तट ढासळून नुसता दगडांचा ढीग झालेला. त्यावर मेव्हण्याचा पाय सरकला, गुडघा फुटला नाही हे नशीब, पण मुरगळला. पँटीच्या दोन्ही पोटऱ्यांवर काट्यांची नक्षी. खाली आतल्या बाजूला शेतं दिसत होती (गडाच्या आत आजही वस्ती आहे), तिथून चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई आमच्याकडे बघत ओरडली, "आगे रस्तो कोनी!" म्हणजे पुढे वाटच नाही. अख्ख्या दिवसात खरं बोललेलं ते पहिलं माणूस.

परत त्याच झुडपांत शिरायची हिंमत नव्हती. एका पडक्या जिन्यानं आत उतरलो आणि पडक्या देवळांमधून पायवाटेनं रामपोल गाठायला निघालो. वाटेत एका मोटारसायकलवाल्यानं दोघांना सोडायचे ५०० रुपये मागितले. अंतर दोन किलोमीटरही नसेल. दिले. लंगडणाऱ्या माणसाला घासाघीस जमत नाही हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

बादल महालावर गेलो ते चार वाजता, मेव्हण्याला खांदा देत. फरसबंदी चढ आहे, एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा. वर उभं राहिलो आणि चिडच आली. तट कुठे नीट आहे, कुठे झाडीत बुडालाय, कुठे खचलाय, सगळं तिथून बऱ्यापैकी दिसतं! म्हणून माझा एकच सल्ला: आधी बादल महाल, मग तट. वरून जेवढा मोकळा दिसेल तेवढाच चाला, झाडी लागली की मागे वळा. रामपोलजवळचा तासाभराचा तुकडा पुरे आहे. पूर्ण फेरी होते असं कोणी म्हणालं तर त्याला सोबत चल म्हणा. माणशी दोन लिटर पाणी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आम्ही डिसेंबरात गेलो होतो तरी दुपारी दगड तापले होते.

बादल महाल मेवाडच्या महाराणा फतेह सिंहांच्या काळातला, म्हणजे तसा अलीकडचाच. राणा कुंभानं पंधराव्या शतकात मंडन या स्थपतीकडून गड बांधून घेतला, त्या मानानं कालचाच. १५४० मध्ये महाराणा प्रताप इथेच जन्मले, ती खोली खालच्या जुन्या वाड्यात दाखवतात. खोली साधी आणि अंधारी आहे, पण मला वरच्या रंगवलेल्या हत्तींपेक्षा तीच आवडली. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघायला थांबायचं असेल तर परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर भाव वेगळाच असतो.

उदयपूरचे दोन दिवस मजेत गेले, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. चित्तोडला मात्र रिक्षा ठरवताना कुठली-कुठली ठिकाणं दाखवणार ते मोजून घ्या. गडाचा घेर तेरा किलोमीटर आहे आणि विजयस्तंभ, पद्मिनी महाल दाखवून खाली आणायची रिक्षावाल्यांना घाई असते. पूर्वेकडचा कीर्तिस्तंभ हटकून राहतो. आमचा राहिला असता.

कुंभलगडहून दुसऱ्या दिवशी राणकपूरचं जैन देऊळ. ड्रायव्हरनं सकाळी दहालाच नेऊन उभं केलं. पर्यटकांना देऊळ बाराला उघडतं. चामड्याचा पट्टाही आत चालत नाही, तो काढून ठेवायला पिशवी न्या. बारा वाजता मी १४४४ खांब बघायला निघालो. मेव्हण्यानं देवळाच्या पायऱ्या पाहिल्या, माझा पट्टा हातात घेतला आणि गाडीत जाऊन झोपला.