रिकामा डबा

रविवारी जेवण करून नुकता डोळा लागला होता, तर बेल वाजली. दारात समोरचे काका-काकू, सोबत नात. काकूंच्या हातात स्टीलचा डबा, काकांच्या हातात पिशवी. "झोपले होते का? आम्ही काही बसत नाही," म्हणत तिघंही बसले. सोफ्यावरचे वाळलेले कपडे बायकोनं बोलता बोलता आतल्या खोलीत भिरकावले.

डब्यात सांभारवडी. डिसेंबरात सांभार, म्हणजे आमची कोथिंबीर, स्वस्त झाला की नागपुरात हे व्हायचंच. पण काकूंची वडी वेगळी. बाहेरचा पुडा पातळ, तळून बारीक फोड आलेला. मोडली की आत हिरवंगार सारण, त्यात खसखस आणि किसलेलं सुकं खोबरं. पहिल्या घासाला तिखट कळतच नाही, दुसऱ्याला नाक वाहतं. "कढी करा न सोबत," काकू म्हणाल्या.

मला एक खोड आहे. वडी तोंडात असतानाच डोक्यात सुरू होतं, या डब्यात घालून परत काय द्यायचं? नागपुरातल्याच महाल भागात एका वाड्यात आम्ही भाड्यानं राहायचो, तिथे डबा रिकामा गेला असं होत नसे. काहीच नसलं तर आई मूठभर साखर घालायची. तीच साखर चार बिऱ्हाडं फिरून आमच्याकडे परत येत असणार, अशी मला दाट शंका आहे.

त्या वाड्यात झाकलेल्या डब्याची खरी मजा भुलाबाईत. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या आणि शेवटी खिरापत ओळखायच्या. गाण्यात मला कोणी घेत नसे, खिरापतीला मात्र मी हजर. डबा हलवून आवाज ऐकायचा. गोड की तिखट? भिजलेलं की कोरडं? आमच्या घरमालकीणबाई पक्क्या. आवाजच येऊ नये म्हणून त्या डब्यात रुमाल कोंबायच्या. पोरी लाडवापासून चिवड्यापर्यंत सगळं म्हणून दमायच्या, आणि आतून निघायचं थालीपीठ!

काकांच्या पिशवीचं मात्र मला ओझं वाटलं नाही. काटोलकडे त्यांच्या भावाची बाग आहे, तिथली आंबिया बहाराची संत्री. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे काका दर वर्षी सांगतात, जणू अर्ज त्यांनीच भरला होता. संत्र्याची पिशवी कोणी परत मागत नाही. द्यावं तर असं द्यावं.

"डब्याची काही घाई नाही," काकू जाताना म्हणाल्या. तरी संध्याकाळपर्यंत मी दोनदा बायकोला विचारलं. ती म्हणते, तुम्ही फार हिशेबी. असेन बाप्पा.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. कडू घास झाला, आणि पुढे तेरवीपर्यंत वाड्यातून कोणी ना कोणी जेवण आणून देत होतं. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी पिठलं-भात आणला. आईनं डबा घासला, पुसला आणि तसाच त्यांच्या हातात दिला. घरात साखर होती, मला माहीत होतं. बाईंनी डबा काखेत धरला आणि विचारलं, "रात्री पोळ्या आणू, का भाकरी चालंल?"