पदाच्या अलीकडची जागा

२२ जानेवारी, रात्री साडेअकरा

तालमीहून यायला दहा वाजले. मऊभात खाल्ला, घसा ओढल्यासारखा वाटतोय म्हणून गरम पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून लिहायला बसलेय. आज संगीत रंगभूमीवरच्या गायिका-अभिनेत्री कीर्तीताई शिलेदारांचा स्मृतिदिन. २०२२ साली याच तारखेला त्या गेल्या. सकाळी शाळेत जाताना लक्षात होतं, मग आठवीचे पेपर तपासण्यात दिवस कुठे गेला कळलं नाही. रात्री तालमीत मात्र अशी आठवण झाली की घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

राज्य संगीत नाट्यस्पर्धेसाठी आम्ही ‘सौभद्र’ बसवतोय. मी सुभद्रा. एकेचाळिसाव्या वर्षी! पदं, म्हणजे नाटकातली गाणी, पाठ आहेत, सूर बरा लागतो, ताल सुटत नाही. तरी ‘वद जाऊं कुणाला शरण’ हे पद आलं की प्रवेश खाली बसतो. आज चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शेवटी ऑर्गनवरच्या काकांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाले, “पोरी, बोलणं संपलं की तू थांबतीस. श्वास घेतीस. पदर सारखा करतीस. मग गातीस. तेवढ्यात सुभद्रा निघून जाती की गं.”

मी काही बोलले नाही. कारण हे मला माहीत होतं. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

अकरावीत होते तेव्हा आत्यानं मला सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात ‘सौभद्र’ला नेलं. संगीत नाटक म्हणजे मध्येमध्ये गाणी असलेलं जुनं नाटक एवढीच माझी समजूत. कीर्तीताई सुभद्रा होत्या. बलरामदादानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, अर्जुनाचा पत्ता नाही, आणि ही सखीजवळ मन मोकळं करतेय. बोलता बोलता आवाज किंचित वर चढला, एक शब्द जरा लांबला, आणि मला कळलं की त्या गायला लागल्यात. कधी लागल्या ते कळलंच नाही. गद्याचं शेवटचं वाक्य आधीच सुरावर येऊन बसलेलं होतं. ऑर्गननं नुसता खालून हात दिला. ‘मी धरिन चरण त्याचे, अग सखये’ यातलं ‘अग’ तर त्या गायल्याच नाहीत असं मला वाटलं. आपण शेजारणीला हाक मारतो तसं ते आलं, आणि तरी सुरात होतं.

पद संपलं, टाळ्या पडल्या. त्यांची नजर सखीवरून हलली नाही. टाळ्या ओसरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, हुंदका गिळल्यासारख्या, आणि पुढचं वाक्य त्याच दुःखातून उचललं. प्रेक्षागृहात पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांच्या गाण्यात त्याची खूण कुठे नव्हती. आत्या परत येताना रिक्षात म्हणाली, “जयमालाबाईंची लेक ती. दुसरं काय होणार?”

जयमालाबाई आणि जयराम शिलेदारांविषयी मी नंतर मिळेल ते वाचत गेले. बोलपट आले तशा मोठमोठ्या नाटक कंपन्या एकेक करून उठल्या. ज्या पदांसाठी माणसं रात्र रात्र जागत होती ती पदं ऐकायला लोक तिकीट काढेनात. अशा काळात, १९४९ साली, या दोघांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी केली. जयराम ‘रामजोशी’ या बोलपटामुळे घराघरांत माहीत झालेले, त्यांना सिनेमाची वाट मोकळी होती. जयमालाबाई तर प्रत्यक्ष बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभ्या राहिलेल्या. त्यांच्या दोन्ही मुली, लता आणि कीर्ती, याच घरात वाढल्या. रंगपेटी, पेट्या, गाडीची वेळ, पहाटेचा रियाझ, हे त्यांचं माहेर. २०१३ साली जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. २०१८ मध्ये मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी कीर्तीताई होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. वर्गात मुलांनाही सांगितलं.

मला त्यांची थोरवी सगळ्यात जास्त कळली ती मात्र ‘स्वरसम्राज्ञी’ ऐकताना. विद्याधर गोखल्यांचं नाटक, संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं. बुवा कीर्तीताईंचे गुरूच. तमाशातली मैना शास्त्रीय गाणं शिकते, अशी गोष्ट. आत्याकडे कॅसेट होती, ती मी उन्हाळ्याच्या सुट्टीत झिजवली. ‘कशी केलीस माझी दैना रे, मला तुझ्याबिगर करमंना’ म्हणताना ‘करमंना’ असं येतं की तमाशाच्या बोर्डाखालची धूळ दिसावी. त्यात शहरी बाईनं खेडवळ बोलण्याचा आव आणलाय असं कुठेही वाटत नाही. आणि त्याच कॅसेटवर पुढे ‘सावन घन गरजे’ येतं, तेच ते गळ्यातलं पाणी, पण चाल वेगळी, उभं राहणं वेगळं. एकाच बाईला दोन भाषा आपल्याच वाटाव्यात! मी मराठी शिकवते. वर्गात निम्मी मुलं ‘करमंना’वाली आहेत. त्यांना पुस्तकातली भाषा द्यायची, पण त्यांच्या तोंडातली हिसकावून घ्यायची नाही, हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. त्या कॅसेटवरून शिकले.

कीर्तीताई गेल्या तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या. शनिवार होता. फोनवर बातमी आली आणि मी पोळ्या अर्ध्यावर टाकून गच्चीत जाऊन उभी राहिले. एकदाही भेटले नव्हते. पत्र लिहावं असं वीस वर्षं मनात होतं, ते राहिलं. लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, याचा त्या दिवशी खूप विचार केला. आणि त्याच आठवड्यात गाण्याच्या क्लासला नाव घातलं. घरी सगळ्यांना वाटलं, शाळा बंद म्हणून वेळ जात नसेल. मी खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. तीन वर्षं झाली तरी दर बुधवारी काकांनी गाण्याची पट्टी विचारली की ‘काळी चार’ म्हणताना मला गच्चीतलं ते ऊन आठवतं.

आज तालीम संपल्यावर काका पेटी झाकत होते तेव्हा मी त्यांना विचारलं, की श्वास घ्यायचा तरी कुठे मग? ते म्हणाले, “वाक्याच्या मधी घे. दुःखात माणूस बोलता बोलता अडखळतोच की.” सुभद्रेचा श्वास आणि माझा श्वास एकच करायचा, इतकं ते सोपं आहे. इतकं अवघडही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ साली रंगमंचावर आणलं. तेव्हापासून किती सुभद्रा याच उंबऱ्यावर अडखळल्या असतील!

मघाशी ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात करून पाहिलं. यजमान झोपलेत. पहिल्या दोनदा नाहीच झालं. तिसऱ्यांदा वाक्याच्या मध्ये थांबले, शेवटचा शब्द षड्जावर, म्हणजे ‘सा’वर नेला आणि न सोडता ‘वद’ म्हटलं. एकदाच जमलं. पण जमलं तेव्हा हात पदराकडे गेला नाही, कारण हातात तांब्या होता.

उद्या काकांना तालमीच्या अर्धा तास आधी बोलावलंय. गद्यातली शेवटची दोन वाक्यं आणि पदाची पहिली ओळ, एवढंच करायचं. पदर दोन पिना लावून पक्का करून जाणार आहे.