सॅक की धाव?

ओहायोतील आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांची अधिकृत आकडेवारी मी पत्रकार कक्षात बसून नोंदवते. एक सहकारी दुर्बिणीतून खेळाडूंचे क्रमांक सांगतो, मी निर्णय देते आणि तिसरा तो संगणकात भरतो. पुढची चाल सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण ४० सेकंदांत, हे सारे उरकावे लागते. त्या शनिवारी संगणकावर सांगलीहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड सरकले तर नवे चार डाउन, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे, एवढे तिला ठाऊक होते. चेंडूवरची नजर काढून पुढच्या फळीतील पाच लाइनमनकडे पाहायचे, हे मी तिला शिकवले होते: ते मागे सरकून क्वार्टरबॅकभोवती, म्हणजे पास देणाऱ्या खेळाडूभोवती, कडे करू लागले तर पास, पुढे मुसंडी मारू लागले तर धाव. टीव्हीचे कॅमेरे चेंडूलाच चिकटून राहतात, त्यामुळे नव्या प्रेक्षकांना हा खेळ विनाकारण गोंधळाचा वाटतो, असे माझे ठाम मत आहे.

शेवटच्या क्वार्टरमध्ये तिसऱ्या डाउनला प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने चेंडू धावकाच्या पोटाशी नेऊन परत ओढला, पास झेलणाऱ्या उजवीकडच्या रिसीव्हरकडे पाहिले आणि मग चेंडू काखेत धरून तो पुढे निघाला. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या बचावपटूने त्याला, चाल जिथून सुरू झाली त्या रेषेच्या एक यार्ड मागे पाडले. टीव्हीवर लगेच ‘सॅक’, म्हणजे पास देऊ पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला रेषेमागेच पाडले, अशी पट्टी झळकली. मी सांगितले, “धाव, उणे एक.”

“पण ताई, तो पास द्यायलाच बघत होता की,” ती म्हणाली. “लाइनमन तर पास असतानाही पुढं जाऊ शकतात ना?”

प्रश्न नेमका होता. कॉलेज फुटबॉलमध्ये पास रेषेपलीकडे जाणार असला तरी लाइनमनना तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ही सवलत एकाच यार्डाची आहे. त्यामुळे धावायचे की पास द्यायचा हे चेंडू हाती आल्यावर ठरवण्याच्या चाली कॉलेजमध्ये फोफावल्या, आणि नेमक्या तिथेच मी शिकवलेली खूण उपयोगी पडत नाही.

क्वार्टरबॅकच्या दृष्टीने या निर्णयाने काहीच बदलत नव्हते, कारण कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये गमावलेले यार्डही त्याच्या धावण्याच्या यार्डांतूनच वजा होतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात आणि मला तेच न्याय्य वाटते. पास देण्यासाठी उभ्या असलेल्या मुलाच्या धावण्याच्या खात्यावर तो तोटा टाकणे मला आजवर पटलेले नाही. फरक पडणार होता तो बचावपटूला. रेषेमागे पाडल्याचे श्रेय त्याला दोन्ही प्रकारे मिळते, परंतु सॅकचा रकाना वेगळा असतो आणि त्याच्या नावापुढे तो रकाना कारकीर्दभर रिकामाच होता.

सोमवारी प्रशिक्षकांनी फेरविचाराची विनंती करून चित्रीकरण पाठवले. पासच्या इराद्याने मागे गेलेला क्वार्टरबॅक नंतर पळू लागला आणि रेषेमागे सापडला, तर ती सॅकच धरतात, कारण मूळ हेतू पासचा असतो. इथे मात्र चाल सुरू होताना दोन्ही हेतू खुले होते. बचावपटूचा हात लागण्याआधी चेंडू काखेत गेला होता आणि खांदेही पुढे वळले होते, म्हणून मी नोंद कायम ठेवली आणि कारण लेखी कळवले. त्या विद्यार्थिनीला ते अजून मान्य नाही. रिसीव्हरकडे टाकलेली ती नजर हाच पासचा प्रयत्न होता, असे ती म्हणते, आणि तिला पूर्णपणे खोडून काढणारे उत्तर मला त्या चित्रीकरणात सापडलेले नाही.