व्होजिरार रस्त्यावरचा एक मीटर

पॅरिसमध्ये बास्तीचा तुरुंग शोधायला गेले, तर तिथे नुसता चौक. १७८९ मध्येच लोकांनी तो पाडायला घेतला होता. आज मधोमध उभा असलेला स्तंभ आहे १८३० च्या क्रांतीचा.

मला क्रांती भेटली ती दुसऱ्या दिवशी, लक्झेंबर्ग राजवाड्यासमोर. व्होजिरार रस्त्यावर ३६ नंबरच्या इमारतीच्या कमानीखाली, भिंतीत संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे. वर कोरलंय, ‘मीटर’. १७९६-९७ मध्ये शहरात अशा १६ पट्ट्या लावल्या होत्या, नवं माप सगळ्यांना कळावं म्हणून. मूळ जागी राहिलेली ही एकच.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. पायली, अधोली, मापटं, चिपटं ही त्यांची भाषा. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नसायचं. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्येही हाच घोळ होता. सरंजामदार खंडाचं धान्य स्वतःच्या मापाने भरून घ्यायचा आणि ते माप हळूहळू मोठं होत जायचं. मापात पाप! लोकांनी राजासाठी लिहून दिलेल्या १७८९ च्या तक्रारवह्यांत म्हणूनच ठिकठिकाणी एकच मागणी दिसते: सगळीकडे एक वजन, एक माप.

जुन्या एका मापाचं तर नावच ‘राजाचं पाऊल’. राजाचं पाऊल नको, मग कुणाचं? उत्तर मिळालं, पृथ्वीचं. ती कुणा एकाची नाही. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलशास्त्रज्ञ १७९२ ते १७९८ उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कपासून स्पेनमधल्या बार्सिलोनापर्यंत, त्या अंतराचा एक तुकडा मोजत हिंडले. देश पेटलेला, दुर्बिणी आणि कागदपत्रं बघून दलांब्रला गावकऱ्यांनी हेर समजून अडवलंही.

लोकांनी मात्र मीटर लगेच स्वीकारला नाही. नेपोलियनने १८१२ मध्ये बाजारात जुन्या नावांची मापं चालू दिली. सक्ती झाली ती १८४० पासून. क्रांतीने आणलेला दहा दिवसांचा आठवडा तर टिकलाच नाही, आणि नाही टिकला तेच बरं. सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी, कष्टकऱ्यांना ते कसं रुचावं?

आपल्याकडे १९५६ चा कायदा आला, १९५७ मध्ये नवा पैसा निघाला, आणि हळूहळू आजोबांच्या तागडीत शेराच्या जागी किलो बसला.

कमानीखाली बराच वेळ उभी होते. मग पट्टीला वीत लावून पाहिली. पाच विती भरल्या, वर बोटभर उरलं.