निवळ आणि चीक

काचेची मोठी बरणी, आत गढूळ पिवळा रस आणि तोंडावर वाढदिवसातून उरलेला निळा फुगा. भाचा ब्रिस्टलला शिकतो, आम्ही अमळनेरला. मधे मोबाईलचा पडदा. आईनं चष्मा वर सरकवला.

"हाई काय शे रे भो?"

"सफरचंदाचा रस आंबवतोय, आजी."

सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, हा शब्द आजीपुढे काढायचा नाही, असं त्यानं मला आधीच बजावलं होतं. तिकडं घरच्यापुरता करायला मुभा आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय असले उद्योग चालत नाहीत. आणि आईचा कायदा तर त्याहून कडक.

पहिल्या खेपेला गडी फसला होता. स्वस्तातला रस आणला, यीस्ट टाकलं, आठवडा गेला तरी बरणी ढिम्म. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: पोटॅशियम सॉर्बेट. रस टिकावा म्हणून घातलेलं ते यीस्टला वाढूच देत नाही. दुसऱ्यांदा नुसता रस आणला, पण बरणी गळ्यापर्यंत भरली. रात्रीत फेस उतू गेला आणि घरमालकाचा गालिचा चिकट झाला. तिसऱ्यांदा चार बोटं जागा सोडली आणि फुग्याला टाचणीनं एक भोक पाडलं.

ते भोक मला फार आवडलं. लिटरभर रसात साधारण १०० ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खातं, जवळजवळ निम्मीचं अल्कोहोल करतं आणि उरलेलीचा कार्बन डायऑक्साइड. एका लिटरमागे हा वायू भरतो पंचवीसेक लिटर! फुगा ताठ उभा राहतो, भोकातून हळूहळू सुस्कारे सोडतो, आणि बाहेरची हवा काही आत शिरत नाही. साखर संपली की मान टाकतो. इतकं सरळ मोजमाप आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी दाखवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो. (गेलोच असतो. पण असो.)

आईला आंबवण्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नव्हता. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन दिवस भिजवून तिनं जन्म काढला. तो आंबूस वास गल्लीच्या तोंडाशी आला की आम्ही पोरं ओळखायचो, उद्या गच्चीवर राखणीला बसायचंय. तिनं एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"तीन आठवडे तरी. खोलीत पंधरा डिग्री आहे."

"तीन आठवडे! वैशाखात इकडं आण, तीन दिवसांत करून देते."

होईलही. पण उकाड्यात यीस्ट घाई करतं आणि चवीची माती होते; आमच्या चव्वेचाळीस डिग्रीत तर ते तगणंच मुश्कील. त्याला अठरा-वीस मानवतात. हे मी आईला सांगितलं नाही. उन्हाळ्याला नावं ठेवलेली तिला खपत नाहीत.

महिन्यानं पुन्हा फोन आला. फुगा लोळागोळा झालेला, रस वर काचेसारखा नितळ, तळाशी बोटभर पांढरट साका. भाच्यानं नळी लावून वरचा रस अलगद बाटल्यांत काढला, बाटलीगणिक अर्धा चमचा साखर घातली. बुडबुडे यावेत म्हणून. बाटल्या प्लास्टिकच्या, दाबून पाहता येतात. दगडासारखी टणक लागली की फ्रीजमध्ये. काच फुटली तर निस्तरत बसा.

आई सगळं टक लावून बघत होती. कुरडयांचा गहू भिजवून, वाटून, गाळून ठेवला की रात्रीतून असंच होतं: वर पाणी निवळतं, खाली पांढरा चीक बसतो. सकाळी ती परात न हलवता वरचं पाणी मोरीत ओतते आणि चीक शिजायला घेते. इकडं भाच्यानं बरणी उचलली, तळाचा साका सिंकमध्ये उपडा केला आणि नळ सोडला.

"अरे अरे अरे!" आई उठून उभी राहिली. "चीक फेकला ना मेल्यानं! अन् पाणी भरून ठेवलं!"