साडेसात पौंडांत बसणारी दुर्बीण: माझ्या .२२ रायफलची पुढची नोंद

मागच्या नोंदीत रायफल ठरली होती, या नोंदीत तिच्यावरची दुर्बीण ठरली आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये कॅम्प पेरी येथे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नेमबाजी संस्थेतर्फे होणाऱ्या रिमफायर स्पोर्टर, म्हणजे हलक्या .२२ रायफलींच्या सामन्यात उतरायचे हे माझे उद्दिष्ट कायम आहे, आणि त्यासाठी घेतलेली सीझेड ४५७ ही बोल्ट ॲक्शनची रायफल हिवाळाभर रेंजवर चालवून आता हाताला बसली आहे. दुर्बीण निवडताना मात्र मी एकदा चुकलो. ती चूक नेमकी कशात होती ते समजायला दोन महिने गेले, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रात .२२ म्हटले की ऑलिंपिक पद्धतीची ५० मीटरची नेमबाजी आठवते. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जागतिक विजेत्या झाल्या आणि २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. परंतु त्या प्रकारात भिंगांची दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्राच्या साइटमधूनच नेम धरावा लागतो. त्यामुळे पुण्यातील माझ्या नेमबाज मित्रांनी बैठक, श्वास आणि चाप यांविषयी जे शिकवले ते सगळे उपयोगी पडले, पण दुर्बिणीचा प्रश्न मला स्वतःच सोडवावा लागला.

स्पोर्टर सामन्यात ५० यार्डांवर पालथे पडून आणि बसून, तर २५ यार्डांवर उभे राहून गोळ्या झाडायच्या असतात, आणि प्रत्येक स्थितीत एक संथ व एक जलद फेरी असते. दुर्बिणीच्या गटात सहापटीहून अधिक मोठे दाखवण्याची मुभा नाही. रायफलचे वजन दुर्बीण आणि पट्टा धरून साडेसात पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,४०२ ग्रॅमच्या आत असावे लागते. हे दोन्ही नियम मला ठाऊक होते, तरीही पहिल्या खरेदीत मी अधिक मोठे दाखवण्याच्या मोहात पडलो आणि एक ४-१२×४० दुर्बीण आणली, म्हणजे चार ते बारा पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. ती सहापटीवर फिरवून ठेवली की नियमात बसेल, असा माझा हिशेब होता.

फेब्रुवारीत वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून संथ नेमबाजी केली तेव्हा ५० यार्डांवर पाच गोळ्यांचा पुंजका साधारण १५ मिलिमीटरचा येत होता आणि मी समाधानी होतो. जलद फेरीचा सराव सुरू केल्यावर तोच पुंजका जवळजवळ दुप्पट पसरू लागला. हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या रायफलीला पाच गोळ्यांसाठी ३० सेकंद मिळतात, आणि माझ्या हातून प्रत्येक वेळी बोल्ट ओढताना गाल दस्त्यावरून उचलला जाऊन थोड्या वेगळ्या जागी परत टेकत होता. मी आधी चापाला, मग काडतुसांना दोष दिला. एका रविवारी रायफल पिशव्यांत घट्ट रोवली, तिला हात न लावता फक्त डोके डावीउजवीकडे हलवले, आणि दुर्बिणीतील फुली लक्ष्यावर सरकताना स्पष्ट दिसली. हा पॅरलॅक्सचा दोष होता.

लक्ष्याची प्रतिमा आणि फुली दुर्बिणीच्या आत एकाच प्रतलात पडत नसतील, तर डोळा हलला की फुलीही लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसते. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी केलेल्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर किंवा त्याहून पुढे जुळवलेल्या असतात, आणि माझी १०० यार्डांचीच होती. डोळा भिंगाच्या अगदी कडेला सरकला, तर जास्तीत जास्त चूक किती होईल ते काढणे सोपे आहे: पुढच्या भिंगाची त्रिज्या घ्यावी, लक्ष्याचे अंतर आणि जुळवलेले अंतर यांतल्या फरकाने तिला गुणावे आणि जुळवलेल्या अंतराने भागावे. ४० मिलिमीटरच्या भिंगाला ५० यार्डांवर हे उत्तर १० मिलिमीटर येते आणि २५ यार्डांवर १५. प्रत्यक्षात डोळा इतका कडेला क्वचितच जातो. पण माझा संपूर्ण पुंजकाच १५ मिलिमीटरचा असताना यातला निम्मा भागही मला परवडणारा नव्हता.

अंतर जुळवता येणारी, पुढच्या भिंगाभोवती कडे असलेली दुर्बीण हा सरळ उपाय वाटला, आणि नुसत्या कागदावर नेम धरणाऱ्याला मी आजही तीच सुचवीन. माझ्यासाठी अडचण वजनाची होती. स्वयंपाकघरातील काट्यावर सगळे एकेक करून मोजले: रायफल २,८१० ग्रॅम, पट्टा १६०, दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा ९५. म्हणजे दुर्बिणीला उरले ३३७ ग्रॅम, आणि तशी कड्याची जी दुर्बीण मी हातात घेऊन पाहिली ती ४८० ग्रॅमची होती. (या रायफलीवर रिंगा पकडण्यासाठी ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, त्यामुळे पिकॅटिनी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पट्टीसाठी केलेल्या रिंगा बसत नाहीत. नव्याने घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे.)

शेवटी निवड दोन साध्या दुर्बिणींत राहिली. व्होर्टेक्सची क्रॉसफायर २-७×३२ रिमफायर ५० यार्डांवर जुळवलेली असते, तर ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम २-७×३३ रिमफायर ६० यार्डांवर. पहिलीला ५० यार्डांवर ही चूक जवळजवळ नसतेच, दुसरीला ती कमाल पावणेतीन मिलिमीटर निघते. केवळ याच कसोटीवर पहिली सरस ठरते. तरीही मी दुसरी घेतली, कारण ती सुमारे ३१५ ग्रॅमची आहे आणि संध्याकाळच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून पाहिल्या तेव्हा लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाची कड मला हिच्यातून अधिक रेखीव दिसली. हा माझ्या डोळ्यांचा कौल आहे, इतरांचा वेगळा येऊ शकतो. एकूण वजन ३,३८० ग्रॅम भरले, म्हणजे २२ ग्रॅम हातात राहिले.

एप्रिलमध्ये ती बसवली. फुली सरळ करण्यासाठी अंगणात ओळंबा टांगला आणि रिंगांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅमच्या) गोळीचे, सेकंदाला सुमारे १,०७० फुटांचे साधे काडतूस वापरून ५० यार्डांवर झिरो केले, म्हणजे फुली जिथे धरावी तिथेच गोळी लागेल असे जुळवले. याची गोळी नळीतून बाहेर पडतानाच आवाजाच्या वेगाखाली असल्याने वाटेत तो वेग ओलांडताना होणारी गडबड टळते. या झिरोवर २५ यार्डांवरची गोळी सुमारे ६ मिलिमीटर वर लागते. तिथे फुली सरकवण्याच्या चकतीचा एक क्लिक, म्हणजे कोनाचे पाव मिनिट (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), गोळी १.७ मिलिमीटर सरकवतो, म्हणून उभ्या फेरीपूर्वी चार क्लिक खाली, एवढेच लक्षात ठेवायचे आहे. किती पट मोठे दिसावे ते ठरवणारे कडे सहावर आणून त्यावर टेप लावली आहे.

गेल्या शनिवारच्या जलद फेरीत पालथे पडून झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांचे पुंजके १९ आणि २१ मिलिमीटरचे आले. बसून झाडताना ते अजून ३० च्या पुढे जातात. तिथे दोष दुर्बिणीचा नसून माझ्या डाव्या कोपराचा आहे, आणि पुढचे तीन आठवडे मी फक्त तेवढ्यावर काम करणार आहे.